नाव कोरियन, हजेरी इंग्रजीत

इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची आणि कोरियन नावाची पहिली गाठ पडते ती कागदावर. शाळेची हजेरी, दवाखान्यातला फॉर्म, विमानाचं तिकीट, नोकरीचा अर्ज. समोरचा आधी वाचतो, वाचून जे तोंडात येईल ते मोठ्याने म्हणतो आणि खरा उच्चार ऐकायची पाळी त्यानंतर येते. म्हणून इंग्रजी जिभेला झेपेल असं कोरियन नाव शोधताना निम्मं काम आवाजाचं आणि निम्मं स्पेलिंगचं असतं. बहुतेक आईवडील पहिल्यावर महिनाभर खल करतात आणि दुसरं पासपोर्टचा अर्ज भरताना दोन मिनिटांत उरकतात. या लेखात भर दुसऱ्यावर आहे.

लंडनमधलं न्यू माल्डन, न्यू जर्सीतलं फोर्ट ली, लॉस एंजेलिसचं कोरियाटाउन, अशा ठिकाणी वाढणाऱ्या कोरियन मुलांच्या घरी हा प्रश्न रोजचा आहे. मराठी वाचकांपैकी ज्यांच्या घरात कोरियन सून किंवा जावई आहे, जे कोरियन भाषा शिकताना स्वतःसाठी नाव घेत आहेत, किंवा ज्यांच्या गोष्टीतलं पात्र सोलहून शिकागोला जातं, त्यांनाही हीच वाट धरावी लागते. पुढे 'अक्षर' म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. कोरियन नावात साधारणपणे आडनावाचं एक आणि स्वतःच्या नावाची दोन अक्षरं असतात.

पहिली पायरी: आडनावाचं स्पेलिंग ठरवा

आडनाव बदलता येत नाही, त्यामुळे इथे वेळ घालवू नका. 2015 च्या जनगणनेनुसार दक्षिण कोरियातले 21.5 टक्के लोक किम, 14.7 टक्के ई आणि 8.4 टक्के पाक होते. म्हणजे निम्म्याला थोडे कमी लोक या तीन आडनावांतच आटोपतात. यांची इंग्रजी रूपं रुळलेली आहेत. 'ई' हे आडनाव इंग्रजीत 'ली' होतं, कारण उत्तरेत ते अजून 'री' आहे आणि दक्षिणेत शब्दाच्या सुरुवातीचा र गळाला. 'पाक'च्या स्पेलिंगमध्ये घुसलेला आर हा ब्रिटिश इंग्रजीचा परिणाम: त्यांच्या तोंडी 'पार्क'मधला र ऐकूच येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी हे स्पेलिंग अगदी बरोबर. अमेरिकन मात्र तो र ठणकावून म्हणतात. म्हणोत.

सरकारने 2000 साली रोमन लिपीची सुधारित पद्धत लागू केली, पण माणसांच्या नावांना रुळलेलं स्पेलिंग ठेवायची मुभा दिली. नियमाने जायचं तर किमचं स्पेलिंग जी ने सुरू होईल आणि 'ई' आडनाव एकट्या आय या अक्षरात संपेल. तसं फारसं कोणी लावत नाही. मुभेचा फायदा घ्या. 'शिन'मधला एच टाकला नाही तर इंग्रजीत 'पाप' उरतं, 'नो'ला एच जोडला नाही तर नकार, आणि 'कांग' जी ने लिहिलं तर गुंडांची टोळी. 'जॉंग' आडनावाच्या लोकांनी जे-यू-एन-जी लिहिलं तर मानसशास्त्र वाचलेला माणूस हमखास 'युंग' म्हणतो. त्यापेक्षा जे-ई-ओ-एन-जी किंवा जुनं सी-एच ने सुरू होणारं 'चुंग' बरं.

एक पथ्य मात्र पाळा. वडिलांच्या पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच मुलाला लावा, ते कितीही वेडंवाकडं असलं तरी. कोरियात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे परदेशी विमानतळावर आईचं आडनाव आधीच वेगळं दिसतं. त्यात बापलेकांच्या आडनावाचं स्पेलिंगही जुळेना झालं की अधिकाऱ्यापुढे नातं सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरी पायरी: कुठली अक्षरं टाळायची

कोरियनमधले दोन स्वर इंग्रजीला अजिबात सोसत नाहीत.

पहिला आपल्या 'ऑ' आणि 'अ'च्या मधला. सुधारित पद्धतीत तो ई-ओ असा लिहितात. इंग्रजी डोळ्याला ई-ओ दिसलं की 'लिओ' आठवतो, म्हणून 'सॉयॉन' हे सुंदर, लोकप्रिय नाव वर्गात 'सीओ यीऑन' होतं. दुसरा स्वर 'उ'सारखा. 'उ' म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवा आणि ओठांचा चंबू न करता हसल्यासारखे ताणा, आला तो स्वर. तो ई-यू असा लिहितात आणि इंग्रजी माणूस त्याचा 'यू' करतो. 'उन' हे मुलींच्या नावात वारंवार येणारं अक्षर मग 'यून' होतं, आणि 'यून' हे कोरियनमध्ये वेगळंच अक्षर आहे.

फुटबॉलपटू सोन हुंगमिनच्या नावात हा दुसरा स्वर बरोबर मध्यभागी आहे. इंग्लंडमध्ये तो इतकी वर्षं खेळला, तरी तिथे त्याला 'ह्युंग' म्हणणारे काही कमी नव्हते. चाहत्यांनी 'सनी' म्हणून आपली सोय करून घेतली. अभिनेत्री युन यॉजॉंगच्या नावात पहिला स्वर एकदा नाही, दोनदा येतो. 2021 मध्ये सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर घेताना तिने व्यासपीठावरूनच पाश्चात्त्य लोक तिच्या नावाची कशी कशी वाट लावतात ते सांगितलं आणि त्या रात्रीपुरतं सगळ्यांना माफही केलं. तिच्या वयाला आणि इतमामाला ते शोभलं. सहा वर्षांच्या पोराला रोज सकाळी हजेरीच्या वेळी अशी माफी वाटत बसता येत नाही.

तिसरी अडचण ह, ग, क यांना य जोडून येणाऱ्या अक्षरांची: ह्यॉन, ग्यॉंग, ग्यु. इंग्रजीत 'ह्यू' चालतं, पण ह्य पुढे दुसरा स्वर आला की ते दोन तुकडे करतात, 'हाय-ऑन'. ह्युंदाई कंपनीच्या नावातलं पहिलं अक्षर हेच. कोरियात ते 'ह्यॉन्दे'च्या जवळ जातं. ब्रिटनमध्ये लोक 'हाय-उन-डाय' म्हणत राहिले आणि 2023 मध्ये कंपनीला उच्चार सुधारण्यासाठी खास जाहिरात करावी लागली. तळेगावात कारखाना घेणाऱ्या कंपनीला जे इतक्या वर्षांनी जाहिरातीवर पैसे ओतून करावं लागलं, ते तुमच्या मुलीने एकटीने करावं अशी अपेक्षा ठेवायची का, हा विचार करा. 'ह्यॉन' आवडतच असेल तर एच-वाय-यू-एन हे स्पेलिंग त्यातल्या त्यात कमी त्रासाचं.

बिनधोक अक्षरं पुष्कळ आहेत: मिन, जिन, जी, ना, मी, हा, रा, री, दा, सो, जू, सू, युन, इन, हान, जे. 'आ'चा कधीमधी 'ॲ' होईल, 'हान'चं 'हॅन' होईल, पण नाव ओळखू येतं. 2024 चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हान कांग यांचं अख्खं नावच दोन अक्षरांचं आहे. जगभरातल्या निवेदकांनी ते आपापल्या परीने म्हटलं आणि कुठेच कोणाचं अडलं नाही.

तिसरी पायरी: वाचणाऱ्याच्या डोळ्याने स्पेलिंग

अक्षरं सोपी निवडूनही नाव बिघडू शकतं.

'दोयुन' हे कोरियातल्या मुलांचं गेल्या काही वर्षांतलं अतिशय चालणारं नाव. आवाज सोपा, अवघड काहीच नाही. पण डी-ओ लिहिलं की इंग्रजी माणूस 'डू' वाचतो, हात आपोआप तिकडेच वळतो. डी-ओ-एच लिहा. 'जुन' जे-यू-एन लिहिलं तर 'गन'शी यमक जुळवून 'जन' म्हणतील, म्हणून डबल ओ. 'हुन'चंही तसंच, 'सू'चंही तसंच. 'सॉन' या अक्षराचं स्पेलिंग काही घरांत एस-यू-एन असतं, ते थेट सूर्य म्हणून वाचलं जातं. 'यॉंग'चं जुनं स्पेलिंग वाय-ओ-यू-एन-जी. ते धारण करणारी बाई ऐंशी वर्षांची झाली तरी कागदोपत्री तरुणच.

जी या रोमन अक्षरापासून विशेष जपा. सुधारित पद्धतीत कोरियन 'गि' जी-आय असं लिहितात, आणि इंग्रजीत जी पुढे आय किंवा ई आला की बऱ्याचदा ज होतो. 'गिहुन' मग 'जीहून' होतो. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान की-मून यांच्या स्पेलिंगमध्ये के आहे आणि ते शहाणपणाचं आहे. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा हा आवाज ग आणि क यांच्या मध्येच कुठेतरी असतो, त्यामुळे के लिहिण्यात खोटं काही नाही.

'शिऊ' नावात पुढे इ असल्याने कोरियन लोक स चा नेहमी श करतात, पण नियमाचं स्पेलिंग एस-आय. वाचणारा 'साय-वू' म्हणण्याची शक्यता दाट. इथे एस-एच लिहायचं की नियम पाळायचा, हे घरोघरी वेगळं ठरतं. माझं मत एस-एचच्या बाजूने.

मग येतो दोन अक्षरांचा सांधा. 'मिनग्यु' सलग लिहिलं तर 'मिंग-यू' वाचलं जातं, चिनी नाव वाटतं. 'बिन्ना' म्हणजे लखलखणारी, नाव झकास, पण पहिलं अक्षर सुटं म्हटलं तर ते त वर संपतं. नावांत सांध्यावरचा उच्चारबदल स्पेलिंगमध्ये दाखवायचा नाही असा नियम असल्याने लिहिताना 'बिटना' होतं आणि इंग्रजी माणूस तसंच म्हणतो. 'जिन' पुढे 'री' आली तर कोरियन तोंडात 'जिल्ली' होतं आणि कागदावर 'जिनरी' राहतं. यातून निघणारा कामाचा नियम असा: पहिलं अक्षर स्वरावर संपणारं घ्या. मिना, जिहो, सोमी, दाइन, हारिम. सांधा सपाट राहतो. पहिलं अक्षर न वर संपत असेल तर पुढच्याची सुरुवात र किंवा ग ने करू नका.

सलग, हायफन की मोकळी जागा? मोकळी जागा कधीच नको. 'मिन' आणि 'जुन' सुटे लिहिले की अमेरिकन फॉर्ममध्ये 'जुन' मधलं नाव बनतं, काही ठिकाणी नुसतं आद्याक्षर उरतं आणि मुलाला सगळे 'मिन' म्हणू लागतात. हायफन वाचायला मदत करतो, पण विमानाच्या तिकिटावर तो गळतो आणि काही संगणकांना पचत नाही. सलग लिहून वाचता येईल अशीच जोडी निवडणं सगळ्यात सुटसुटीत.

दोन्ही घरी चालणारी नावं

इथे तीन वाटा आहेत आणि तिन्हींना माणसं जातात.

पहिली, इंग्रजी नावाशी जुळणारं कोरियन नाव घ्यायचं. युजिन म्हणजे युजीन, जेइन म्हणजे जेन, तेओ म्हणजे थिओ, जुन म्हणजे जून. कोरियात ख्रिस्ती घरं भरपूर असल्याने हान्ना, आन्ना, योहान, नोआ ही बायबलमधली नावंही तिथे परकी वाटत नाहीत. ईआन, ईदुन, रोआ ही नव्या पिढीची आवड. अडचण एकच, लिंग. युजिन कोरियात मुलीलाही सर्रास ठेवतात, इंग्रजीत ते आजोबांच्या वयाच्या पुरुषाचं नाव आहे. आणि ईआनचं इंग्रजी स्पेलिंग आय-ए-एन. छापील फॉर्मवर कॅपिटल आय हा स्मॉल एलसारखा दिसतो आणि ईआनचा 'लॅन' होतो.

कोरियन नावांचा अर्थ सहसा चिनी अक्षरांतून येतो. दुसरी वाट शुद्ध कोरियन शब्दांची, ज्यांना चिनी अक्षर नसतं. बोरा (जांभळा रंग), सोरा (शंखात राहणारा गोगलगायीसारखा समुद्री जीव), नूरी (जग), नारी (लिलीचं फूल), हाना (एक), दानबी (तहानलेल्या जमिनीवर वेळेवर पडलेला गोड पाऊस), हारू (एक दिवस). यातली बहुतेक इंग्रजीला एका वाचनात जमतात. याच जातीतलं 'हानुल', म्हणजे आकाश, मात्र दोन्ही कठीण स्वरांपैकी एक पोटात घेऊन येतं.

तिसरी वाट म्हणजे दोन सोपी अक्षरं जोडून आपलं नाव घडवायचं आणि अर्थ चिनी अक्षरांतून आणायचा. एकाच आवाजाची अनेक चिनी अक्षरं असतात, म्हणून 'जी'चा अर्थ शहाणपण करायचा की आणखी काही, हे आवाज पक्का झाल्यावरही ठरवता येतं. माझ्या मते ही सगळ्यात चांगली वाट. नाव कोणाचीच नक्कल वाटत नाही.

इंग्रजीच्या सोयीसाठी आवाजच बदलू द्यायचा की नाही, हा वेगळा मुद्दा. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी स्केटर जगाला 'युना' म्हणून ठाऊक आहे. कोरियात तिला 'यॉना' म्हणतात, नियमाने स्पेलिंगही तसंच झालं असतं. तिला दोन्ही नावं शोभली. पण दोन नावांनी वावरायचं नसेल तर पहिल्यापासूनच 'युना' ठेवा, तेही अस्सल कोरियन नाव आहे.

इंग्रजीत वाईट, कोरियनमध्ये वाईट

'बम' इंग्लंडमध्ये ढुंगण आणि अमेरिकेत भिकारडा. 'सॉक'चं जुनं स्पेलिंग एस-यू-के, मोठ्याने वाचून बघा. 'गॉन' जी-यू-एन लिहिलं तर बंदूक, आणि तेही विमानतळावर. 'दोंग' तर शाळकरी पोरांच्या हाती आयतं कोलीत. 'हो'ला लोक उगाच घाबरतात: अमेरिकन बोलीत ती शिवी आहे खरी, पण 'मिनहो', 'जुनहो' असं सलग लिहिलं की तिकडे लक्ष जात नाही.

उलटी तपासणी बरेच जण विसरतात, विशेषतः परदेशात जन्मलेले आईबाप. आडनाव जोडून नाव कोरियनमध्ये मोठ्याने म्हणा. 'इम' आडनावाला 'शिन' जोडलं की गर्भधारणा. 'यु' आणि 'रिन' मिळून होणारा शब्द पायदळी तुडवणं या अर्थाचा आहे. 'आन' आडनाव असेल तर जास्तच सावध, कारण 'आन' म्हणजे 'न'. अर्थपूर्ण शब्दाचं नाव ठेवलं की आडनाव त्यावर पाणी फिरवतं. मराठी-कोरियन घरांसाठी एक भर: मीरा दोन्हीकडे चालतं, कोरियात मुलींचं नाव म्हणून आहेच, पण त्याच उच्चाराचा शब्द इजिप्तच्या ममीसाठीही वापरतात. एवढ्याने नाव टाकायची गरज नाही, वर्गात चिडवतील याची तयारी ठेवा. जिया आणि रिया निर्धास्त घ्या.

आजोबा, वंशावळ आणि नाव काढणारे

अनेक घराण्यांत एका पिढीच्या सगळ्या भावंडा-चुलतभावंडांच्या नावात एक समान अक्षर असतं, त्याला 'दोल्लिमजा' म्हणतात. ते घराण्याच्या वंशावळीत आधीच ठरलेलं असतं. तुमच्या पिढीच्या वाट्याला 'सॉक' किंवा 'ग्यु' आलं असेल तर वर लिहिलेलं सगळं ज्ञान वाया. अशा वेळी वंशावळीत एक नाव आणि सरकारी नोंदीत दुसरं, असा मध्यममार्ग पुष्कळ घरं काढतात. आजोबांना हे बाळ झाल्यावर सांगू नका, आधी सांगा.

जन्मवेळेवरून नाव काढून देणारी दुकानं कोरियात ठिकठिकाणी आहेत. आपल्याकडे पत्रिकेवरून आद्याक्षर काढतात, तसा तिथे जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास धरून पंचतत्त्वांचा आणि चिनी अक्षरांतल्या फराट्यांच्या संख्येचा हिशेब होतो. त्यांच्याकडून एकच नाव घेऊ नका, चार-पाच मागा. आणि मागतानाच सांगा की अमुक स्वर नकोत. ते ऐकतात, परदेशात राहणारी गिऱ्हाइकं त्यांना नवी नाहीत.

चाचणी

उरलेल्या दोन-तीन नावांची स्पेलिंगं साध्या कागदावर लिहा, आडनाव शेवटी, इंग्रजी पद्धतीने. कोरियन न येणाऱ्या माणसाला कागद द्या आणि काही न सांगता वाचायला लावा. तो म्हणेल तो उच्चार लिहून घ्या. मग दुसऱ्या माणसाला, शक्यतो दुसऱ्या देशातल्या. दोघांचे उच्चार एकमेकांशी जुळले, पण तुमच्याशी जुळले नाहीत, तर दोष स्पेलिंगमध्ये आहे आणि तो सुधारता येतो. दोघांनी दोन तऱ्हेने वाचलं तर अक्षरच बदला. वाचण्याआधी ते थबकले का, तेही बघा. थबकणारा शिक्षक हजेरी घेताना आडनावावर उडी मारतो.

नंतर उलट करा. फोनवरून नाव नुसतं सांगा आणि त्यांना लिहायला लावा. इथे थोडं चुकलं तरी चालेल. शेवटी आजीला फोन लावून तेच नाव दहा वेळा हाक मारल्यासारखं म्हणवून घ्या. तिच्या तोंडी ते परकं वाटलं, तर चाचणीत पहिलं आलेलं नावही मी बाद करेन.

कागदपत्रं

कोरियात जन्माची नोंद एका महिन्याच्या आत करायची असते, उशीर झाला तर दंड. आडनाव सोडून नाव पाच अक्षरांपर्यंत चालतं. चिनी अक्षरं लावायची तर सर्वोच्च न्यायालयाच्या मान्य यादीतलीच, पण ती यादी आठ हजारांहून मोठी आहे, अडचण येत नाही. न लावता नुसत्या हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, नोंदवलं तरी चालतं.

खरी काळजी घ्यायची ती पहिल्या पासपोर्टच्या वेळी. नोंदीतलं कोरियन नाव एखाद्या परदेशी नावाच्या उच्चाराशी जुळत असेल, तर त्या नावाचं मूळ स्पेलिंग लावायला मुभा आहे. म्हणजे युजिनला इंग्रजी युजीनचं आणि आन्नाला डबल एनचं स्पेलिंग मिळू शकतं, पण ते अर्ज भरतानाच मागावं लागतं. एकदा त्या पासपोर्टवर परदेश प्रवास झाला की स्पेलिंग बदलणं कठीण होतं. परदेशी भाषेत वाईट अर्थ निघतो, किंवा कोरियन उच्चाराशी स्पेलिंग उघड जुळत नाही, अशी ठरावीक कारणं दाखवावी लागतात आणि ती मान्य होतीलच असं नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत तिथल्या जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग आणि कोरियन पासपोर्टवरचं स्पेलिंग एकच ठेवा. दाखला आधी मिळतो, त्यामुळे वरच्या सगळ्या पायऱ्या प्रसूतीच्या तारखेआधी उरकायला हव्यात. प्रसूतिगृहातला कारकून फॉर्म घेऊन दारात उभा राहतो तेव्हा खिशात एकच स्पेलिंग असावं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं.